आपल्या मुलखातील प्रवास व त्यांच्या स्मृती

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात शहापूर मुक्कामी झालेले व्याख्यान. वक्त्यांनी स्वत: तपासून दिलेला मजकूर येथे छापला आहे.)



चिटणीसांचे पत्र हाती आले तेव्हा त्यात व्याख्यानाचा विषय लिहिला होता, 'आवडती प्रवासस्थळे व त्यांच्या आठवणी'. आपल्या या व्यासपीठावरून शिष्यवृत्ती, हुंडा, विवाहातील वाढता खर्च अशा गंभीर विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले आहेत. त्या मानाने हा विषय हलका, भोजनोत्तर ऐकावयाचा, आणि म्हणूनच तो मजसारख्या निवृत्त शाळामास्तराच्या वाट्यास आला असावा, अशी माझी प्रथम समजूत झाली. परंतु टिपण काढावयास बसलो तेव्हा ध्यानात आले की, या विषयात माझ्या घरातील एक अशी गोष्ट दडलेली आहे जी मी आजवर चारचौघांत बोललो नाही. ती बोलावी की न बोलावी, याचा निर्णय मला आठ दिवस होईना. शेवटी आपण सारे घरचेच आहात असे मनाशी म्हटले आणि आज येथे उभा राहिलो आहे.

सेवानिवृत्तीनंतर मी सौभाग्यवतींसह काशी, प्रयाग, रामेश्वर ही क्षेत्रे केली आणि चिरंजीवांच्या आग्रहास्तव एकदा काश्मीरही पाहिले. त्या सर्व प्रवासांची छायाचित्रे घरी जपून ठेवलेली आहेत. पण खरे सांगावयाचे तर ती छायाचित्रे पुढे नसतील तर काशीचा कोणता घाट कोणत्या घाटाच्या शेजारी, हे मला सांगता यावयाचे नाही. श्रीनगरास दल सरोवरात शिकाऱ्यातून फिरलो हे निश्चित. तथापि त्या प्रसंगाची जी आठवण आमच्या घरी आजही निघते ती एवढीच की, उतरताना सौभाग्यवतींच्या पायांतील एक चप्पल पाण्यात पडली आणि पुढील दोन दिवस त्यांनी माझ्या चपला वापरल्या. मी काय वापरले, ते कोणी विचारीत नाही! याउलट वयाच्या आठव्या वर्षी एका डोंगरवाटेवर वडिलांनी मला खांद्यावरून कोठे उतरविले, तेथे कोणते झाड होते, हे मी आज डोळे मिटूनही सांगू शकेन. असे का व्हावे, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

माझा जन्म मुरबाड तालुक्यात टोकावडे बाजूच्या एका खेड्यात झाला आणि नोकरीची सारी वर्षे शहापुरात गेली. त्यामुळे दोन्ही तालुके मला आपलेच वाटतात. या दोन शेजाऱ्यांत एक मोठा फरक आहे. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत धावलेली आगगाडी १८५५ साली वाशिंदला, १८६० साली आसनगावला आणि १८६१ साली कसाऱ्याला येऊन पोहोचली. थळ घाट चढून ती इगतपुरीस गेली ती १८६५ साली. म्हणजे शहापूरकरांच्या चार-पाच पिढ्यांनी प्रवास म्हणजे आगगाडी हेच समीकरण पाहिले. मुरबाडला मात्र रेल्वे येणार येणार म्हणून आम्ही ऐकत आलो आणि ऐकता ऐकता म्हातारे झालो. आमचा प्रवास पायी, फार तर बैलगाडीने. या पायपिटीचे मला पुष्कळ वर्षे वाईट वाटे. आता तितकेसे वाटत नाही.

आज आपण शहापुरात जमलो आहोत, तेव्हा येथील माहुलीच्या गडाला प्रथम नमस्कार केला पाहिजे. पळसगड, माहुली आणि भंडारगड असा हा जोडगड. निजामशाही वाचविण्याची शेवटची धडपड शहाजीराजांनी १६३६ साली याच गडाच्या आश्रयाने केली आणि वेढा असह्य झाल्यावर येथेच त्यांना शस्त्र खाली ठेवावे लागले. १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांनी मोगलांस जे किल्ले दिले त्यांत माहुलीही होती, आणि १६७० साली ती स्वराज्यात परत आली. हा इतिहास मी वर्गात वर्षानुवर्षे शिकविला आणि दर हिवाळ्यात मुलांना घेऊन गडावर गेलो. गडाचे ते सुळके तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत. लोकांनी त्यांस नवरा, नवरी, भटोबा अशी नावे ठेवली आहेत. एका वर्षी एका चौकस मुलाने मला विचारले, "गुरुजी, अंतरपाट केव्हा काढणार?" मी म्हटले, "खर्चाचा मेळ बसला म्हणजे." आपल्या मंडळाने यातून हवा तो बोध घ्यावा.

मात्र माहुलीची माझी खरी आठवण वेगळीच आहे. एका सहलीत आम्ही रानात वाट चुकलो. बरोबर पायथ्याच्या पाड्यावरचा ठाकर समाजाचा एक विद्यार्थी होता. शास्त्र विषयात मी त्याला त्याच सहामाहीत नापास केले होते. तो अनवाणी पुढे झाला आणि दीड तासात आम्हां चाळीस जणांना पाण्याच्या टाक्यापाशी नेऊन उभे केले. वाटेत तो झाडे दाखवीत होता. कोणत्या सालीचा दोर होतो, कोणता पाला गुरे खात नाहीत, कोणती वेल असली की जवळ पाणी सापडते, हे सारे तो एखाद्या पंडितासारखा सांगत चालला होता. खाली आल्यावर मी वनस्पतीच्या धड्याला त्यालाच फळ्यापाशी उभा करू लागलो. गुण कसे द्यावे, हा प्रश्न मला शेवटपर्यंत सुटला नाही.

शहापूर तालुक्यात बाहेरची मंडळी सहलीस येतात ती मुख्यत: जलाशय पाहावयास. तानसाचा तलाव १८९२ सालचा. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ साली पुरा झाला. पुढे भातसा धरण झाले, आणि आज मुंबईच्या पाण्यापैकी सुमारे निम्मे पाणी एकट्या भातशाचे आहे. पावसाळ्याच्या अखेरीस ते पाणी पाहिले म्हणजे डोळे निवतात यात शंका नाही. परंतु माझ्या वर्गातील मुली चैत्र-वैशाखात शाळेस का येत नाहीत, याची चौकशी केली तेव्हा त्या दोन-दोन कोसांवर हंडा घेऊन गेलेल्या असत. आजही उन्हाळ्यात या तालुक्यातील कित्येक पाड्यांना टँकरने पाणी जाते. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण येथे कोणास समजावून सांगावी लागत नाही. ज्यांची शेते आणि देव त्या पाण्याखाली गेले त्यांनी त्या काठावर सहलीस जावे तरी कसे? एकाचे रम्य स्थळ ते दुसऱ्याचे बुडालेले घर असते. तो विषय मोठा आहे, आज येथे पुरा व्हावयाचा नाही. पण जलाशयाचे कौतुक करताना एवढे बोलल्यावाचून मला पुढे जाववत नव्हते.

आता मुरबाडकडे वळतो.

माझ्या मातु:श्रींचे माहेर सिद्धगडाच्या बाजूचे. आमच्या लहानपणी आजोळी जावयाचे म्हणजे सिद्धगड दिसू लागला की आई डोक्यावरचा पदर सारखा करी आणि क्षणभर थांबे. देवळापुढे थांबावे तशी. कारण विचारले तर सांगत नसे. पुढे कळते झाल्यावर तिने सांगितले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे त्या रानात गोळीबार झाला आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील हे दोन वीर तेथे पडले. माथेरानचा हा वकील, वकिली सोडून 'आझाद दस्ता' घेऊन रानात उतरला होता आणि मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडून त्याने सरकारास जेरीस आणले होते. त्या दिवशी गावातील बायकांनी चुली पेटविल्या नाहीत. धूर दिसला तर पोलीस येतील हे भय होते, आणि अन्न गोडही लागले नसते, असे आई म्हणे. आज तेथे हुतात्मा स्मारक आहे आणि दर २ जानेवारीला माणसे जमतात. मी जातो तेव्हा स्मारकापुढे फूल ठेवतो. पण मला दिसतो तो आईचा तो पदर सारखा करणारा हात.

म्हशाच्या जत्रेविषयी तुम्हांला मी काय सांगावे? पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराच्या दर्शनाला आणि बैलबाजाराला आपल्यापैकी ज्यांचे वडील-आजोबा गेले नाहीत, असे घर या मंडपात क्वचितच असेल. आदल्या दिवशी गाडीत पेंढा पसरून त्यावर गोधड्या घालावयाच्या, तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणीची चटणी फडक्यात बांधावयाची, आणि चांदण्यात गाडी हाकावयाची. बाजारात वडील बैलाचे दात पाहात. मग दलाल व ते एका रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करीत. तोंडाने एक अक्षर नाही! मला वाटे, वडीलधारी माणसे रुमालाखाली हात धरून बसली आहेत म्हणजे भांडण मिटवीत असावीत. जत्रेत घाटावरची मंडळी बैल आणि घोंगड्या घेऊन उतरत. त्यांत आपले ज्ञातिबंधूही असत. आज मंडळ जो वधूवर मेळावा भरविते, तो त्या काळी म्हशाला आपोआप भरत असे. फरक इतकाच की वधूवरांस तेथे कोणी विचारीत नसे.

अशाच एका जत्रेत माझ्या आत्याची सोयरीक जुळली. ती घाटावर, जुन्नर तालुक्यात दिली गेली. आणि म्हणूनच आमच्या घराची सर्वांत जवळची प्रवासवाट झाली ती नाणेघाट.

नाणेघाटाचे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. रविवारी मुंबई-पुण्याची तरुण मंडळी पाठीवर पिशव्या घेऊन शेकड्यांनी जातात. आमच्या घरी मात्र त्यास 'घाट' एवढेच म्हणत, जसे आपण 'विहीर' किंवा 'खळे' म्हणतो. वैशाखऱ्याच्या पुढून रानात शिरले की तीन तासांची चढण. वरचा टप्पा खडकात खोदलेल्या पायऱ्यांचा. डाव्या-उजव्या हातास कडे, आणि डोक्यावर तो नानाचा अंगठा. नाना आणि गुणा या दोघा भावांत घाट बांधण्याची पैज लागली व नानाने ती जिंकली, अशी दंतकथा वडील सांगत. गुण्याचे पुढे काय झाले, हे मी दर खेपेस विचारी. त्यास ते दर खेपेस निराळे उत्तर देत.

१९५४ साली माघ महिन्यात मी प्रथम घाट चढलो. आत्याला माहेरपणाला आणावयास वडील निघाले होते आणि मी हट्ट धरून बरोबर गेलो. वडिलांच्या खांद्यावर कावड. तिच्या एका पारड्यात तांदूळ, दुसऱ्यात सुकी मासळी. घाटावर मासळीचे अप्रूप फार. आत्याच्या शेजारणीसुद्धा आमची वाट पाहात. परतताना त्याच कावडीतून बाजरी, गूळ, कांदे येत. चढण लागली तशी वडिलांनी कावड गड्याकडे दिली आणि मला खांद्यावर घेतले. एका मोठ्या हिरड्याच्या झाडापाशी मला खाली उतरवून ते म्हणाले, "येथून पुढे पायाने चल. आत्याने विचारले तर घाट चढून आलो असे सांगता आले पाहिजे." ते झाड आज नाही. जागा मात्र आहे.

माथ्याच्या किंचित अलीकडे ती गुहा. उन्हातून आत शिरलो की अंगावर गार वारा येई. भिंतीवर ओळीने काही आकृती होत्या. पण वरचा भाग पार झडून गेलेला, दिसत ती फक्त पावले. मी विचारले, "हे पाय कोणाचे?" वडील म्हणाले, "ठाऊक नाही. आपल्यासारखी कोणी मंडळी येथे थांबली असतील." गुहेच्या वर दगडी रांजण आहे, त्यात जकातीचे नाणे टाकीत असे सांगतात. वडिलांनी माझ्या हातात एक पैसा दिला आणि मी तो टाकला. खाली उतरताना तो परत घेता येईल का, हा विचार माझ्या मनात दोन दिवस घोळत होता.

चार दिवसांनी आत्याला घेऊन निघालो. घाटाच्या तोंडाशी आली आणि ती बसली. खाली सारे कोकण पसरलेले. ती म्हणाली, "दादा, आपले खळे दिसते का रे?" तेथून आमचे गाव दिसत नाही, मधे डोंगराची सोंड आहे. वडील म्हणाले, "दिसते की. तो पांढरा ठिपका." आत्या पुष्कळ वेळ त्या ठिपक्याकडे पाहात राहिली. मीही पाहिले. मला तो दिसला असे मी शपथेवर सांगू शकतो.

पुढे शिक्षक झाल्यावर मी पुस्तके चाळली आणि ती पावले कोणाची, हे मला समजले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरकडे आणि पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणास जात असे. त्या गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. तिच्या घराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, नाणी यांची मोजदाद त्यात आहे. भारतातील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत तिची गणना होते. त्या भग्न आकृतींच्या वर नावे कोरलेली आहेत. पहिला राजा सिमुक सातवाहन, मग नागनिका व तिचा पती सातकर्णी, काही राजकुमार, आणि त्यांच्याच रांगेत एक महारठी त्रणकयिर. हा महारठी राणीचा पिता असावा असे विद्वान मानतात. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. सासरच्या राजेलोकांच्या ओळीत या बाईने आपल्या माहेरच्या बापाला उभे केले आहे, आणि तेही अशा ठिकाणी की जेथून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने त्याला पाहावे.

मी पुस्तक का मिटले, ते आता सांगतो.

१९६१ सालचा जुलै महिना. १२ तारखेस पुण्याकडे पानशेत धरण फुटले, त्याच पावसाळ्यातील गोष्ट. मी तेव्हा कल्याणास वसतिगृहात शिकत होतो. पावसाने थोडी उघडीप दिली तेव्हा घाटावरून एक माणूस उतरला आणि आत्याचे यजमान वारल्याची बातमी त्याने आमच्या घरी दिली. आपल्यातील रीत तुम्हांला ठाऊक आहे. अशा वेळी भावाने लुगडे घेऊन जावयाचे असते. वडील दुसऱ्याच दिवशी निघाले, आणि ते निघाले तसा पाऊस पुन्हा कोसळू लागला. चौथ्या दिवशी ते घरी परतले. आत्याच्या घरी ते पोहोचलेच नव्हते.

घाटावर याचा अर्थ एकच घेतला गेला. दिवस झाले, माणसे पांगली, आणि माहेरचे कोणी आले नाही. पुढच्या म्हशाच्या जत्रेत आत्याचा निरोप आला, "माझे माहेर घाटाखाली होते, ते वाहून गेले असे मी समजते." वडील हा निरोप ऐकून काही बोलले नाहीत. ते स्वभावाने ताठर होते. आत्याही त्यांचीच बहीण. त्यानंतर दोघांपैकी कोणीही घाट ओलांडला नाही. आत्या गेल्याचे आम्हांला महिन्याने कळले. वडील १९७९ साली गेले.

ते गेल्यानंतर आईने मला ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले एक गाठोडे दाखविले. त्यात घडी न मोडलेले ते लुगडे होते. तिने सांगितले की, वडील घाट चढून गुहेपर्यंत गेले होते. माथ्यापलीकडे ओढे दुथडी भरून चालले होते, आत्याच्या गावच्या वाटेवरचा ओढा ओलांडता येईना. दोनदा पाण्यात उतरले, दोनदा मागे फिरले. दोन रात्री त्यांनी त्या गुहेत काढल्या, पाणी ओसरेल या आशेने. लुगडे भिजू नये म्हणून इरले त्यावर घातले होते आणि स्वत: ओले बसले होते. शिधा संपला तेव्हा परतले. मी आईला विचारले, "मग हे आत्याला कळविले का नाही?" ती म्हणाली, "तुझे वडील म्हणत, पोहोचलो नाही हे खरे ना? मग कारण सांगून काय करावयाचे?"

हे ऐकल्यानंतर तरी मी उठून घाटावर जावयास हवे होते. गेलो नाही. शाळा, मुलांची शिक्षणे, घरबांधणी, ही सारी कारणे माझ्यापाशी तयार होती आणि ती सांगण्यात मी वडिलांइतका कंजूष नव्हतो. माळशेजच्या रस्त्याने मोटारीत बसून मी अनेक वेळा वर गेलो, शाळेच्या सहली नेल्या, धबधबे दाखविले. पण जुन्नरच्या बाजूस फाटा फुटतो तेथे दर वेळी दुसरीकडे पाहिले. वाट सोपी झाली म्हणजे माणसे अधिक जातात-येतात, हे माझ्या बाबतीत तरी खोटे ठरले. २००९ साली माळशेज भागात सोडलेला एक बिबट्या, ज्याचे नाव अभ्यासकांनी 'आजोबा' ठेवले होते, डोंगर, रेल्वे, रस्ते ओलांडीत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत चालत गेला. त्यावर पुढे २०१४ साली चित्रपटही निघाला. ते वृत्त वाचताना माझ्या मनात आले की, या मुक्या प्राण्याने महिनाभरात केले ते मला तीस वर्षांत तीन कोसांसाठी झाले नाही.

शेवटी २०१० सालच्या माघात, माझे काही जुने विद्यार्थी नाणेघाटात निघाले तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो. वय चौसष्ट. पिशवीत ते गाठोडे. गुहेत पोहोचलो तेव्हा मुले भिंतीवरचा लेख पाहात होती आणि मी जमिनीकडे पाहात होतो. दोन रात्री माणूस कोठे बसला असेल? उजव्या कोपऱ्यात पाणी कमी ठिबकते; तेथे मी थोडा वेळ बसलो.

दुपारी एकटाच आत्याच्या गावी गेलो. आतेभाऊ ओट्यावर होता. मला त्याने ओळखले नाही. नाव सांगितल्यावर उठून उभा राहिला आणि पाणी घेऊन आला. बोलणे जमेना. मग मी गाठोडे सोडले आणि सारी हकीकत सांगितली. तो लुगड्यावरून हात फिरवीत राहिला. मग म्हणाला, "दादा, मामा आले नाहीत एवढेच आई सांगायची. शेवटच्या आजारातसुद्धा म्हणायची, दादा आला तर दार उघडा ठेवा, पण बोलावू नका." थोड्या वेळाने म्हणाला, "मी रोज गुरे घेऊन त्या गुहेवरून जातो. मला कोणी एक शब्द सांगितला असता तर." या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे मिळून गुहेत गेलो आणि तो कोपरा मी त्याला दाखविला. त्याने तेथे विडासुपारी ठेवली. येणारी-जाणारी मंडळी आम्हांला पुजारी समजून पैसे देऊ लागली, तेव्हा आम्ही उठलो.

असो. आमच्या घरची गोष्ट मी सांगितली ती सहानुभूती मिळविण्यासाठी नव्हे. या मंडपात साठीच्या पुढची मंडळी पुष्कळ आहेत. घाटावर दिलेल्या आत्या, घाटाखाली दिलेल्या मावश्या तुम्हांलाही असतील. मी मंडळाच्या जुन्या सभासद-याद्या पाहिल्या. एके काळी दोन्ही अंगांच्या गावांची नावे त्यांत शेजारी शेजारी होती. अलीकडे वरची गावे गळत चालली आहेत. हे कोणत्या भांडणामुळे झालेले नाही. कोणी गेले नाही आणि कोणी बोलावले नाही, एवढेच.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी एक सूचना ठेवली आणि ती मान्य झाली, हे सांगण्यास मला आनंद वाटतो. मंडळाची यंदाची सहल माघ महिन्यात नाणेघाटात जाईल. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी पहाटे मुरबाडहून निघून वैशाखऱ्याच्या वाटेने चढावे. ज्यांना चढवत नाही त्यांनी माळशेजमार्गे जुन्नरच्या अंगाने यावे. गाडी थेट माथ्यापर्यंत येते. घरात कोणी वृद्ध असतील तर त्यांना अवश्य बरोबर आणावे, वाटा त्यांना ठाऊक आहेत. जेवणाची व्यवस्था आतेभावाने आपल्या अंगणात केली आहे. पिठलेभाकरी आणि गुळाचा शिरा मिळेल, असे त्याने कळविले आहे. मात्र येताना सुकी मासळी आणावयास विसरू नये, त्याच्या शेजारणींनी मुद्दाम सांगून पाठविले आहे.